न लढता जिंकलेले अकरा महिने

आमच्या ऑफिसात नवा डायरेक्टर आला की आधी बसायच्या जागा बदलतात, मग शब्द बदलतात. मार्चमध्ये आलेल्या डायरेक्टरने जागा होत्या तशाच ठेवल्या आणि आम्हा बारा मॅनेजरांना एकेक पातळ पुस्तक वाटलं. फार जुन्या काळातल्या एका चिनी सेनापतीचं युद्धाबद्दलचं म्हणणं त्यात होतं. महिन्याभराने एम-फोर हायवेच्या कडेच्या एका हॉटेलात दोन दिवसांचं वर्कशॉप होणार होतं आणि प्रत्येकाने त्यातलं एकेक तत्त्व घेऊन दहा मिनिटं बोलायचं होतं. आम्ही इंग्लंडात ब्रॅकनेलला बसून लोकांच्या रजांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करतो. आमचं युद्ध नेमकं कुणाशी चाललंय, हे मला तेवीस वर्षांत कळलेलं नाही.

मी तिथे टेस्टिंग बघते. दुसऱ्याने केलेल्या कामात चुका काढायच्या, आणि त्याचा पगार घ्यायचा. हेच काम मी घरी फुकट करते, असं माझा नवरा म्हणतो.

पुस्तक हातात घेतलं तेव्हा मी आधीच दमलेली होते. छप्पन्न वय, गुडघे कुरकुरतात, पहाटे चारला आपोआप जाग येते आणि सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात. रीडिंगच्या आमच्या घरापासून ब्रॅकनेल म्हणजे काही लांब नाही, पण रोज तेच ट्रॅफिक लाइट, तोच पाऊस, रेडिओवर तीच कुणीतरी राजीनामा दिल्याची बातमी. त्यात हा सेनापती. मला वाटलं होतं, मिशांना पीळ देणारा कुणीतरी असेल. निघाला भलताच. हा माणूस पानोपानी लढाई टाळायला सांगतो. लढाई लांबली की जिंकणाराही कंगाल होतो, घेरलेल्या शत्रूला पळायला एक वाट मोकळी ठेवावी, आणि खरा थोर सेनापती तो, ज्याच्यावर लढायची वेळच येत नाही. चौथीच्या इतिहासात गनिमी कावा शिकलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पण मला तो माणूस दमलेला वाटला. पुष्कळ प्रेतं बघून झालेला, आता पुरे करा रे बाबांनो, असं म्हणणारा. बाकीच्या मॅनेजरांनी त्यात धंद्यातल्या युक्त्या शोधल्या. मला त्याच्यासाठी चहा टाकावासा वाटला.

माझ्या वाट्याला तत्त्व आलं ते हेच, न लढता जिंकणं. मी मनातल्या मनात हसले. हे मला चिनी माणसाने शिकवायची गरज नव्हती. आमच्या घराण्यात ते आईकडून मुलीकडे चालत आलंय. आम्ही त्याला अबोला म्हणतो.

माझ्या आईने एकदा वडिलांशी बावीस दिवस अबोला धरला होता. त्यांनी तिला न विचारता स्कूटर विकली म्हणून. कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसायची आणि सगळा व्यवहार माझ्यातर्फे चालायचा. सांग तुझ्या बाबांना, पोळ्या गार होतायत. सांग तुझ्या आईला, आलोच म्हणावं. मी मान डावीकडे वळवायची, मग उजवीकडे. अबोल्याचे नियम कडक असतात. जेवण वेळेवर वाढायचं, तेही नेहमीपेक्षा चांगलं. पाहुणे आले की हसून बोलायचं. रडायचं नाही, ओरडायचं नाही, आणि मुख्य म्हणजे आधी बोलायचं नाही. जो आधी बोलतो तो हरतो. तेविसाव्या दिवशी वडिलांनी थेट आईकडे बघून विचारलं, "मीठ कुठंय?" मीठ त्यांच्या नाकासमोर होतं. आईने बरणी उचलून त्यांच्या हातात दिली आणि युद्ध संपलं. स्कूटर काही परत आली नाही, पण त्यानंतर वडिलांनी तिला विचारल्याशिवाय घरातली जुनी छत्रीसुद्धा टाकली नाही.

मी आईपेक्षा सवाई निघाले. माझा नवरा स्वभावाने गरीब आहे, तिसऱ्या दिवशी शरण येतो. आमच्यातला निरोप्या म्हणजे आमची मुलगी. ती रीडिंगलाच जन्मली, इथल्याच शाळेत गेली, आणि तिला हा सगळा खेळ वाटायचा. सांग तुझ्या बाबांना, असं मी म्हटलं की ती खिदळत पळत जायची, निरोप देऊन खिदळत परत यायची. तिला मी कधीच सांगितलं नाही की हा खेळ नाही. तिच्या स्वतःच्या वाट्याला अबोला कधी आला नव्हता. तिच्याशी मी तोंडाने भांडायचे, आणि तेही भरपूर. अभ्यास, केस, मैत्रिणी, फोन, उशिरा येणं, लवकर जाणं. त्यातल्या बहुतेक लढाया मी जिंकले. ती डॉक्टर झाली, हीसुद्धा त्यातलीच एक.

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका रविवारी, वरणभातावर तूप वाढत असताना तिने सांगितलं की हॉस्पिटलातली दोन वर्षं झाली, आता ती पुढच्या ट्रेनिंगला अर्ज करणार नाही. मला वाटलं, दमली असेल, सुट्टी हवी असेल. दमणं मला समजतं. पण तिने सगळं ठरवलेलं होतं. मिल्टन कीन्सला झाडांचं काम करणारी एक टीम होती, दोर बांधून झाडांवर चढायचं, रोगट फांद्या उतरवायच्या, वादळात पडलेली झाडं हलवायची. शिकाऊ म्हणून तिला घेतलं होतं. अशा कामाला इथे ट्री सर्जन म्हणतात.

"म्हणजे सर्जनच झाली की शेवटी," नवरा म्हणाला. वातावरण हलकं करायचा त्याचा तो प्रयत्न होता. मी त्याच्याशी पुढे दोन दिवस बोलले नाही.

मुलीला मात्र मी खूप बोलले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहायला मला लाज वाटते. एवढं शिकवलं ते माकडासारखं झाडावर चढायला का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. ती रडली नाही. ताट उचलून तिने सिंकमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "आई, तुला बरोबर असायचं पण नसतं. तुला फक्त जिंकायचं असतं." मग कोट घालून गेली.

त्या दिवसापासून मी फोन केला नाही. ती दोन-तीनदा करून बघेल, मी उचलणार नाही, महिन्याभरात येऊन गळ्यात पडेल, असा माझा हिशेब. तिने दोनदा केला. मी उचलला नाही. मग तिने करणं थांबवलं. जून गेला, गणपती गेले. मी मोदक केले आणि तिच्या वाटणीचे नवऱ्याच्या हातात दिले, अबोल्याच्या नियमाप्रमाणे, नेहमीपेक्षा चांगले. दिवाळीला ती तिच्या कामाच्या लोकांबरोबर होती. तिच्या बातम्या मला नवऱ्याकडून कळायच्या, म्हणजे तो फोनवर बोलायचा आणि मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत करत ऐकायचे. ती बरी आहे, एवढंच तो नंतर सांगायचा. मी विचारत नसे. विचारलं असतं तर मी आधी बोलले असते.

खरं सांगायचं तर मी तिच्या हरण्याची वाट बघत होते. थंडी पडेल, हात फुटतील, झाडावरून खाली बघून तिला आपलं चुकलं असं वाटेल. आईने आपल्या मुलीबद्दल असं इच्छावं, हे वाईट आहे. पण मी इच्छिलं. आणि या वाट बघण्यानेच मी एवढी दमले होते, हे मला कळत नव्हतं. मी गुडघ्यांना दोष देत होते.

तर एप्रिलमध्ये त्या हॉटेलात माझी पाळी आली तेव्हा मी स्लाइड वगैरे काही केल्या नाहीत. उभी राहिले आणि त्यांना अबोला सांगितला. आईची स्कूटर, बावीस दिवस, मीठ. लोक पोट धरून हसले. एकाने विचारलं, हे सायलेंट ट्रीटमेंटच ना? मी म्हटलं, छे, ते रुसलेल्या माणसाचं काम. अबोल्यात दोघांनाही माहीत असतं की काय चाललंय, कशावरून चाललंय आणि काय केलं की संपेल. ही दोन्ही बाजूंनी मान्य केलेली गोष्ट आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्कशॉप घेणारा ट्रेनर म्हणाला, हजारो वर्षांपूर्वीचा सेनापती आज आपल्याला एका भारतीय स्वयंपाकघरात भेटला. अशा वाक्यांचेच त्याला पैसे मिळतात.

मग एच-आरमधल्या एका तरुण मुलीने हात वर केला. अगदी साधेपणाने तिने विचारलं, "पण समजा, समोरच्या माणसाला हा नियमच माहीत नसेल तर? म्हणजे, त्याला युद्ध चाललंय हेच माहीत नसेल तर मग कोण जिंकतं?"

पुन्हा हशा झाला. ट्रेनर म्हणाला, फार छान प्रश्न. मी म्हटलं, आमच्यात माहीत असतं सगळ्यांना, आणि खाली बसले. नंतरचे तीन जण काय बोलले ते मला सांगता येणार नाही. मला ती खिदळत पळणारी पोरगी दिसत होती. आमच्यात म्हणजे कुणाच्यात? तिच्या तोंडी तो शब्दसुद्धा मी कधी ऐकला नव्हता. संध्याकाळी पार्किंगमध्ये मी गाडीत किती वेळ बसून राहिले कोण जाणे. शेवटी हॉटेलचा माणूस येऊन, काही मदत हवी आहे का, असं विचारून गेला.

शनिवारी सकाळी मी नवऱ्याला सांगितलं की मी मिल्टन कीन्सला जातेय. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो गडबडला. आधी फोन कर म्हणाला, मग म्हणाला मीही येतो, मग म्हणाला पुढच्या शनिवारी जाऊ. मी म्हटलं, मला एकटीला जायचंय. त्याने गाडीच्या काचा पुसून दिल्या, ज्या आधीच स्वच्छ होत्या.

मिल्टन कीन्सला पोचलं की राउंडअबाउटचे गोल चौक सुरू होतात ते संपत नाहीत. एकातून सुटावं तर समोर दुसरा. सगळे सारखे, सगळीकडे झाडंच झाडं. मी तीनदा चुकले आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, परत फिरावं. आधी जाणं म्हणजे हरणं, हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की तिच्या दारापाशी गाडी लावल्यावरही मी काहीतरी निमित्त शोधत होते. जवळून जात होते, म्हणून आले, असं काहीतरी. रीडिंगहून कुणी मिल्टन कीन्सच्या जवळून सहज जात नाही.

दार तिने डाव्या हाताने उघडलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बाबाचा फोन येऊन गेला होता. तिने मला मिठी मारली ती अर्धीच, एका बाजूने. तिच्या टी-शर्टच्या गळ्यातून उजवीकडे एक लांब लाल व्रण दिसत होता.

"फेब्रुवारीत झालं," ती म्हणाली. "मी रोप्सवर होते आणि एक फांदी स्विंग होऊन आली. कॉलरबोन. माझी हाड दोन ठिकाणी तुटली. प्लेट घातलीय, आता इट्स फाइन."

हाड ती लहानपणापासून स्त्रीलिंगी करते आणि मी लहानपणापासून सुधारत आलेय. त्या दिवशी सुधारलं नाही. फेब्रुवारीत नवरा दोन दिवस एका मित्राच्या घराचं सामान हलवायला गेला होता. परत आला तेव्हा त्याची पाठ कशी दुखत नाही, असं मी त्याला विचारलंही होतं.

तिने चहा केला. डाव्या हाताने, हळूहळू, मला उठू न देता. मी विचारलं, मला का नाही कळवलंस? विचारतानाच मला वाटत होतं, आता ती म्हणेल, तू तरी कुठे फोन करत होतीस. मी त्याला उत्तर तयार ठेवलं होतं. असं उत्तर माझ्याकडे नेहमी तयार असतं.

"आई, तू इतकी छान स्पेस देत होतीस," ती म्हणाली. "मला ते ब्रेक नव्हतं करायचं."

मला आधी कळलंच नाही. तिने समजावून सांगितलं. पहिले दोन महिने तिला वाटलं होतं की मी भयंकर चिडलेय. तिला झोप लागत नसे. मग तिने बाबाला विचारलं, आई फोन का उचलत नाही. आणि बाबा म्हणाला, शी इज गिव्हिंग यू स्पेस. तुला तुझं तुझं ठरवता यावं म्हणून ती मध्ये पडत नाहीये.

"आय क्राइड, आई. ऑनेस्टली. तू कधीच मला असं सोडलं नव्हतंस. मला वाटलं, ती माझ्यासाठी एवढं हार्ड काम करतेय, तर मी पण नीट राहायला पाहिजे."

कप माझ्या हातात होता. चहात साखर जास्त झाली होती. समोर बसलेल्या माझ्या मुलीचे हात खरखरीत झाले होते, गाल वाऱ्याने लाल झाले होते, आणि ती हॉस्पिटलात असतानापेक्षा पाच वर्षांनी लहान दिसत होती. माझे अकरा महिने तिने असे घेतले होते.

"तुला डिफिकल्ट गेलं असेल ना?" तिने विचारलं. "म्हणजे, मुद्दाम फोन नाही करायचा. तू मुद्दामच नाही केलास ना?"

आयुष्यात मला पुष्कळदा राग आलाय, पण लाज अशी फार कमी वेळा वाटली. खरं सांगितलं असतं तर तिचे अकरा महिने तिच्याकडून हिसकावून घेतले असते. आणखी एक लढाई मीच जिंकले असते.

"हो," मी म्हणाले. "मुद्दामच केला नाही."

तिने डाव्या हाताने माझा हात दाबला. मग मला बाहेर नेलं. घरामागून लाल डांबराचा सायकलींचा रस्ता जातो, त्याच्या कडेची लिंडनच्या झाडांची रांग तिच्या टीमने छाटली होती. कुठल्या झाडावर ती पहिल्यांदा एकटी चढली ते तिने दाखवलं. मी मान वर करून बघितलं. फार उंच होतं. मी काही बोलले नाही, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मलाच ठाऊक. तिने मात्र ते ओळखलं आणि हसली.

निघताना तिने माझ्या गाडीच्या खिडकीत वाकून सांगितलं, "मी करेन फोन, ओके? तू नको करूस. असंच छान चाललंय." तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी बरं म्हटलं. गाडी वळवून पहिल्या राउंडअबाउटला येईपर्यंत मी नीट होते.

घरी पोचले तेव्हा नवरा स्वयंपाकघरात उभा होता, भाजी चिरून ठेवलेली, चेहरा मार खायला तयार. एरवी मी बॅग ठेवून सरळ वर गेले असते आणि चार दिवस खाली कुकरशिवाय कुणी बोललं नसतं. पण माझ्यात त्राणच नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, स्पेस?

तो म्हणाला, "तिने विचारलं तेव्हा मला अबोल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. आणि मराठीत सांगितलं असतं तर तिने त्याचा अर्थ विचारला असता."

पंचवीस-तीस वर्षं मी या माणसाला तिसऱ्या दिवशी शरण येणारा समजत होते. मी त्याच्यावर चिडले नाही. मी म्हटलं, बस इथे आणि फेब्रुवारीचं सगळं सांग. तो सांगत गेला. फोन दुपारी आला. हॉस्पिटलात पोचला तेव्हा ती शुद्धीवर होती, विनोद करत होती, नर्सना त्यांच्याच भाषेत आपली केस समजावून सांगत होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मी विचारत राहिले, कोण होतं, काय खाल्लं, किती दुखत होतं, आणि तो एकेक आठवून सांगत राहिला.

शेवटी तो म्हणाला, भूल उतरत असताना तिच्याजवळ एक वयस्कर नर्स होती, वेल्सकडची असावी. तिने त्याला नंतर बाजूला घेऊन सांगितलं की तुमची मुलगी सारखी 'आय, आय' म्हणत होती, आणि पुढे काहीच बोलत नव्हती. तिला काहीतरी सांगायचंय असं वाटून ती नर्स बराच वेळ तिचा हात धरून बसली, पुढचं वाक्य येईल म्हणून.

मी विचारलं, "मग तू सांगितलंस का त्या नर्सला, ती काय म्हणत होती ते?"

"सांगितलं," तो म्हणाला. "आय नाही, आई. मग तिने विचारलं, तिची आई कुठे आहे."

त्यावर त्याने काय उत्तर दिलं, ते मी त्याला विचारलं नाही.